रिंगणात गरम झाली की बंद, थंड झाली की चालू: स्टीम फेअरला नेलेल्या जुन्या गाड्यांचं दुखणं

लक्षण सगळ्यांचं एकच असतं. सकाळी घरून निघताना गाडी हँडलच्या अर्ध्या फेऱ्यात सुरू होते. तीस-चाळीस किलोमीटरचा रस्ता ती बिनतक्रार कापते आणि मैदानात इतर गाड्यांच्या रांगेत ऐटीत उभी राहते. दुपारी रिंगणात उतरायची वेळ येते. पुढे दहा-बारा टनांचं बरेल नाहीतर फाउलर कंपनीचं वाफेचं इंजिन ताशी पाच-सहा किलोमीटरच्या चालीने चाललेलं असतं आणि मागे आपण पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून. एक फेरी होते. दुसरीला इंजिन मिसिंग मारू लागतं, तिसरीला मरतं. निवेदक माइकवर गाडीचं साल आणि सीसी सांगत असतो आणि आपण बॉनेट उघडून उभे. ट्रॅक्टर लावून बाहेर काढली, वीस मिनिटं उभी ठेवली, की पहिल्याच फटक्यात चालू. घरी आणून तपासावी तर काहीच सापडत नाही. पुढच्या फेअरला पुन्हा तेच.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या ग्रामीण भागात उन्हाळाभर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे स्टीम फेअर भरतो. वाफेची रोड इंजिनं, रोलर, मळणी यंत्रं, जुने ट्रॅक्टर, पाणी उपसायची छोटी इंजिनं, आणि आमच्यासारख्यांच्या मोटारी. या मेळ्यांची सुरुवात १९५० साली ॲपलफर्ड गावच्या आर्थर नॅपर या शेतकऱ्याने लावलेल्या पैजेतून झाली असं मानतात. दोन ट्रॅक्शन इंजिनांची शेतात शर्यत, आणि पैज बिअरच्या पिंपाची. मोटारी या मैदानात नंतर आलेल्या पाहुण्या आहेत. रिंगणाची चाल अजूनही वाफेच्या इंजिनाची आहे. त्याला सावकाश चालणं मानवतं. आपल्या गाडीचं रेडिएटर, पेट्रोलची नळी, कॉइल सगळं समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या भरवशावर बसवलेलं असतं आणि इथे नेमका तोच नसतो. पुण्या-मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत झेंडा पडायची वाट बघत तासभर इंजिन चालू ठेवणाऱ्यांचंही दुखणं हेच.

गाडी मेली की भोवती जमलेले दहाजण एकच निदान करतात: "पेट्रोलची वाफ झाली." मला या निदानाचा कंटाळा आला आहे. वाफ होते, नाही असं नाही. पण माझ्या पाहण्यात अशा गाड्यांपैकी बऱ्याच जणींचा आजार करंटचा निघाला आहे. कंडेन्सर, कॉइल, रोटर, मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगीचा करंट तयार करणारं यंत्र), यातलं काहीतरी गरम झाल्यावर दगा देतं आणि थंड झाल्यावर साळसूदपणे कामाला लागतं. वाफेचा दोष धरून लोक पेट्रोलची नळी गुंडाळतात, नवा पंप लावतात, कार्बोरेटर खोलतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तिथेच उभे असतात.

मेल्यावरची पहिली काही मिनिटं

सगळा पुरावा याच वेळात असतो. गाडी थंड झाली की पुरावा गेला. म्हणून आधी ट्रॅक्टरवाल्याला हात करा, रिंगणाबाहेर दोरीपलीकडे जा आणि लगेच तपासायला घ्या. चहा नंतर.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: मेली कशी? पेट्रोल कमी पडलं की इंजिन हळूहळू मरतं. आधी ओढ कमी होते, मग कार्बोरेटरमधून खोकल्यासारखे आवाज येतात, वेग वरखाली होतो, चोक ओढला की क्षणभर सावरतं. करंट गेला की दिव्याचं बटण बंद केल्यासारखं एकदम थांबतं. कधी सायलेन्सरमध्ये एक मोठा बार होतो, कारण न जळलेलं पेट्रोल तिथे साचून मग पेटतं. चोक ओढून काहीही फरक पडत नसेल तर माझा संशय करंटकडे जातो.

डॅशबोर्डवर ॲमीटर असेल तर तो फुकटचा डॉक्टर आहे. चावी चालू ठेवा आणि कुणाला तरी हँडल फिरवायला सांगा. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं) जुळले की काटा मागे झुकतो, उघडले की शून्यावर येतो. काटा असा हलत असेल तर कॉइलपर्यंत जाणारी वायर, पॉइंट आणि अर्थिंग ठीक आहेत. काटा हललाच नाही तर पॉइंटकडे किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या बारीक वायरीकडे बघा. (आपल्याकडच्या गॅरेजात या डिस्ट्रिब्युटरला सर्रास डेल्को म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो.) ही वायर ॲडव्हान्सबरोबर, म्हणजे ठिणगीची वेळ पुढेमागे करणाऱ्या यंत्रणेबरोबर, सतत हलते. तिचे आतले धागे तुटतात आणि वरचं कव्हर मात्र शाबूत दिसतं.

मग ठिणगी. प्लग काढून इंजिनला टेकवून बघायची जुनी सवय सोडा. कार्बोरेटरमधून गरम पेट्रोलची वाफ येत असते आणि बॉनेटभोवती लहान मुलं उभी असतात. प्लग आणि वायर यांच्या मध्ये लावायचा बंद काचेचा टेस्टर मिळतो, तो खिशात ठेवा. अग्निशामक हाताशी हवा, गाडीच्या डिकीत सामानाखाली नको. ठिणगी निळी, जाड आणि कडकडीत असेल तर पेट्रोलकडे वळा. पिवळी, बारीक, अधूनमधून येणारी असेल तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

कंडेन्सर, कॉइल, रोटर

कंडेन्सर म्हणजे धातूचा वर्ख आणि कागद यांचे थर गुंडाळून पत्र्याच्या डबीत बसवलेली वस्तू. पॉइंट उघडताना जो करंट ठिणगी बनून पॉइंटवरच जळला असता तो हा शोषून घेतो, म्हणून कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र झटकन कोसळतं आणि प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. जुन्या गाड्यांत तो डेल्कोच्या आत किंवा अंगाला चिकटलेला असतो, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेत. आतलं इन्सुलेशन म्हातारं झालं की गरम झाल्यावर गळती सुरू होते किंवा आतला जोड सुटतो. थंडपणी मल्टिमीटर लावला तर तो ०.२ मायक्रोफॅरॅडच्या आसपास अगदी बरोबर आकडा दाखवतो, कारण मीटरची बॅटरी काही व्होल्टांची आणि पॉइंट उघडताना त्याच्यावर पडणारा दाब शेकडो व्होल्टांचा. त्यामुळे "मीटरवर चेक केला, चांगला आहे" या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

जागेवर तपासायची रीत सोपी आहे. डेल्कोची टोपी काढा, पॉइंट जुळलेले असताना चावी चालू करा आणि लाकडी काडीने पॉइंट उघडून बघा. बारीकशी निळी ठिणगी साहजिक आहे. मोठी, पांढरट-पिवळी, चरचरणारी ठिणगी दिसली तर कंडेन्सर काम करत नाही. पॉइंटचे तोंड काळंनिळं झालेलं किंवा एका बाजूला टेंगूळ आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडलेला, हीही त्याचीच खूण.

माझ्या पेटीत एक सुटा कंडेन्सर कायम असतो, दोन्ही टोकांना मगर-चिमटे लावलेला. गाडी मेली की जुन्या कंडेन्सरची वायर सोडवायची, सुट्याचा एक चिमटा कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला आणि दुसरा अर्थिंगला. जुन्याची वायर सोडवणं विसरू नका. तो गळका असेल तर शेजारी कितीही चांगला लावला तरी करंट त्याच्यातूनच जमिनीत जाणार. गाडी लगेच सुरू झाली तर निदान पक्कं. आणि मग तो पुन्हा डेल्कोत कोंबायचा हट्ट कशाला? कॉइलशेजारी, वाऱ्याच्या जागी बसवला तरी विजेच्या दृष्टीने काही बिघडत नाही. हल्ली बरेचजण ०.२२ मायक्रोफॅरॅड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीनचा आधुनिक कपॅसिटर घेऊन जुन्या डबीत लपवतात. मूळपणा जपणाऱ्यांनाही त्यात दिसण्यासारखं काही उरत नाही.

इथे एक कटू गोष्ट. डबीतून आज काढलेला नवा कंडेन्सर चांगलाच असतो असं समजू नका. नव्याने बनवलेले सुटे भाग कित्येकदा मूळ भागाच्या पासंगालाही पुरत नाहीत, आणि जुन्या गाड्यांची मंडळी जो भाग नुकताच बदललाय त्याच्यावर कधी संशयच घेत नाहीत. दुखणं नवा भाग टाकल्यानंतर सुरू झालं असेल तर तपास तिथूनच करायचा.

रोटरचंही तेच, म्हणजे डेल्कोत फिरून एकेका प्लगला करंट वाटणाऱ्या तुकड्याचं. नकली रोटरमध्ये वरच्या पितळी पट्टीला धरणारा रिबेट कधी कधी इतका लांब असतो की त्याच्या आणि खालच्या शाफ्टच्या मध्ये बेकेलाइटचा पातळ थर उरतो. गरम झाला की करंट तिथूनच शाफ्टमध्ये उडी मारतो आणि प्लगपर्यंत पोचतच नाही. कॉइलची मधली जाड वायर टोपीतून काढून रोटरच्या पितळेपासून चार-पाच मिलिमीटरवर इन्सुलेटेड पकडीने धरा आणि इंजिन फिरवा. रोटरवर ठिणगी पडत राहिली तर रोटर फुटका आहे, कारण टोपी नसताना तिथे ठिणगीला जायला दुसरी वाट नसावी.

कॉइलची गफलत बहुतेक वेळा चुकीची कॉइल बसवल्याने होते. साध्या १२ व्होल्ट कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध साधारण ३ ओहम असतो, म्हणजे पॉइंट जुळलेले असताना ४ अँपिअर. नंतरच्या काळातल्या काही गाड्यांत बॅलास्ट रेझिस्टरसोबत चालणारी १.५ ओहमची कॉइल असे. ती दिसायला हुबेहूब सारखी. रेझिस्टरशिवाय ती १२ व्होल्टवर लावली तर ८ अँपिअर खेचते आणि तासाभरात चटका बसण्याइतकी तापते. सहा व्होल्टच्या गाडीत मात्र १.५ ओहमच बरोबर. मीटर लावायला मिनिटही लागत नाही, कॉइलवरचं लेबल वाचून समाधान मानू नका.

शिवाय चावी. गाडी उभी असते, बघ्यांना आतली बटणं, लाकडी डॅश, निर्देशक दाखवताना चावी चालूच राहते. पॉइंट जुळलेल्या स्थितीत इंजिन थांबलं असेल तर कॉइलमधून अखंड करंट वाहतो, पन्नासेक वॅटची शेगडीच ती. प्रदर्शनात गाडी उभी करताना चावी काढून खिशात टाका.

गरम असताना सेल्फने येत नाही पण हँडल मारल्यावर येते, अशी तक्रार सहा व्होल्टच्या गाड्यांत फार. यात ठिणगीचा दोष कमी आणि बॅटरीच्या केबलींचा जास्त. सेल्फ इतका करंट खातो की कॉइलला उरत नाही. मोटारसायकलच्या जाडीची केबल काढून सहा व्होल्टला लागते तेवढी जाड केबल टाका आणि दोन्ही टोकं घासून स्वच्छ करा.

आता पेट्रोल

ठिणगी चांगली असेल तर वाफेकडे यायला हरकत नाही. मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी चालवलेल्यांना हे कुणी शिकवावं लागत नसे. मे महिन्यात घाट चढताना एसी पंपावर (इंजिनवर बसवलेला पेट्रोलचा यांत्रिक पंप) ओलं फडकं टाकायचं, बाटलीतलं पाणी ओतत राहायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, पण ओलं फडकं शास्त्राला धरूनच होतं: पाणी वाफ होताना पंपाची उष्णता घेऊन जातं. इथे इंग्लंडात नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायची पद्धत आहे. रांगेने वीस-पंचवीस चिमटे लावलेली गाडी दिसते. त्याने नळीचं तापमान उतरतं असा पुरावा मला तरी दिसलेला नाही. दिसायला मात्र छान दिसतं.

आजचं पेट्रोल आपल्या गाड्यांसाठी बनलेलंच नाही. इंजेक्शनच्या गाडीत ते टाकीतल्या पंपापासून पुढे तीन-चार बार दाबाखाली असतं, त्यामुळे सहजी उकळत नाही. आपल्याकडे टाकी मागे, पंप पुढे इंजिनवर. म्हणजे टाकी ते पंप या सगळ्या लांबीत पेट्रोल ओढलं जातं, दाब वातावरणाहूनही कमी, आणि कमी दाबाला ते लवकर उकळतं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) झालं, भारतात पंपावर आता सर्रास ई२० मिळतं. इंग्लंडात सुपर पेट्रोलच्या पंपावर ई५ लिहिलेलं असतं ते घ्या, जुन्या गाडीला तेच बरं. इथे आणखी एक भानगड आहे. हिवाळ्यात विकलं जाणारं पेट्रोल थंडीत सुरू व्हावं म्हणून मुद्दाम जास्त उडणारं असतं. नोव्हेंबरात टाकी भरून गाडी झाकून ठेवलेले लोक मे महिन्यातल्या पहिल्या कडक उन्हात तेच घेऊन रिंगणात येतात. आणि इथलं ऊन म्हणजे काय असणार, असं म्हणू नका. जुलै २०२२ मध्ये लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदलं गेलं.

वाफेचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि उपायही वेगळे. चालता चालता पेट्रोल कमी पडून मरते, तो झाला नळीतल्या किंवा पंपातल्या वाफेचा. काचेची वाटी असलेला पंप असेल तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. एसी पंपाला हातदांडी असेल तर ती चालवून बघा, पोकळ लागली तर आत वाफ आहे. मॉरिस माइनरसारख्या गाडीत एसयू कंपनीचा विजेचा पंप असतो. चावी दिल्यावर तो टकटक करतो आणि कार्बोरेटरची वाटी भरली की शांत होतो. गरम असताना तो थांबायचं नाव न घेता भरभर टकटकत राहिला तर त्याला पेट्रोल मिळत नाही, तो हवा ओढतोय. उपाय: नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर न्या, मध्ये पत्र्याची आड घाला, आणि टिकाऊ इलाज हवा असेल तर टाकीजवळ छोटा विजेचा पंप लावा, म्हणजे पेट्रोल ओढलं न जाता ढकललं जाईल. पंपाचा दाब कार्बोरेटरला झेपेल इतकाच हवा, नाहीतर फ्लोटची सुई उचलून धरेल आणि पेट्रोल बाहेर वाहील.

दुसरा प्रकार: गाडी नीट थांबवली, दहा मिनिटांनी सुरू करायला गेलो तर येत नाही. इथे पेट्रोल कमी नाही, जास्त झालंय. इंजिन बंद केल्यावर वारा आणि पाणी दोन्ही थांबतं, मॅनिफोल्डची धग कार्बोरेटरच्या वाटीत चढते, पेट्रोल उकळून इंजिनात वाहतं. अशा वेळी चोक ओढणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं. चोक आत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरलेला, आणि न पंप करता फिरवत राहा. आत हवा जाऊन ती सुरू होईल, काळा धूर टाकेल, मग ठीक. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बेकेलाइटचं जाड पॅकिंग आणि खाली पत्र्याची आड एवढ्याने हा त्रास बराच कमी होतो. रिंगणातून आल्यावर बॉनेट उघडं ठेवा. प्रेक्षकांनाही इंजिन बघायचंच असतं.

ई१० बद्दल आणखी दोन गोष्टी. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण जरा हलकं होतं आणि इंजिन जास्त तापतं. एसयू कार्बोरेटर असेल तर जेटची नट एखादी कड खाली घेऊन मिश्रण थोडं जाड करा. आणि जुन्या रबरी नळ्या बदला. इथेनॉलने त्या आतून मऊ होतात. पंपाच्या ओढीकडची नळी मऊ झाली की ती चिमटली जाते किंवा हवा ओढते आणि बाहेर पेट्रोलचा थेंबही गळत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आर९ छाप असलेली नळी घ्या.

ना करंट, ना वाफ: बाकीचे भामटे

हे तीन वाफेचं सोंग घेऊन येतात, कारण तेही अर्ध्या-पाऊण तासानेच गाडी बंद पाडतात.

टाकीच्या झाकणाचं छिद्र बुजलेलं. पेट्रोल जातं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढवत नाही. उभी राहिली की हळूहळू हवा शिरते आणि गाडी बरी होते. मेल्याबरोबर झाकण सैल करा. फुस्स असा आवाज आला तर खर्च शून्य. सोसायटीतला कुणी हौशी नवं चकचकीत झाकण लावून देतो, ते बिनछिद्राचं असतं, असंही होतं.

टाकीतला गंज. चालताना तो ओढीबरोबर तोंडाशी जमतो, इंजिन बंद झालं की खाली बसतो. पुन्हा सुरू केली की वीस मिनिटं ठीक. हा सगळ्यांत फसवा, कारण अगदी वाफेसारखाच वागतो. पंपाकडची नळी सोडून टाकीकडे उलटी फुंकर मारा. झाकण उघडं असताना आत गुरगुर ऐकू आली पाहिजे. फुंकरीनंतर गाडी चांगली चालली तर टाकी काढून धुवायला हवी.

तिसरा भामटा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा भाग, आणि त्या दोघांमधली फट. शिसं घातलेलं पेट्रोल ब्रिटनमध्ये १९९९ च्या अखेरीस आणि भारतात २००० च्या फेब्रुवारीत बंद झालं. जुन्या मऊ व्हॉल्व्ह-सीट त्यानंतर झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातात आणि फट संपते. थंडपणी थोडी फट असते, गरम झाल्यावर दांडा लांबतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. हे ओळखायला हँडलच लागतं. गरम असताना हळू फिरवा, प्रत्येक सिलिंडरला हाताला सारखा विरोध लागला पाहिजे. एखादा फुसका लागला तर फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) काढा.

पाण्याबद्दल फार लिहीत नाही, ते मापकावर दिसतंच. फक्त ऑस्टिन सेव्हन किंवा मॉडेल टी असेल तर लक्षात ठेवा की या गाड्यांना पाण्याचा पंप नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड खाली येतं, त्यावरच सगळं चालतं. पाण्याची पातळी वरच्या पाइपच्या तोंडाखाली गेली की फिरणंच थांबतं, मग रेडिएटरमध्ये कितीही पाणी असो. आणि स्टिअरिंगवरची ॲडव्हान्सची दांडी. हँडल मारताना मागे घेतलेली दांडी सुरू झाल्यावर पुढे करायचं राहून जातं, इंजिन उशिरा पेटत राहतं आणि एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड लाल होईस्तोवर तापतो. रिंगणात शिरण्याआधी दांडीकडे एक नजर टाका. रेडिएटरच्या जाळीत मळणी यंत्राचा भुसा अडकतो, तोही ब्रशने काढा.

छोटी इंजिनं आणि मॅग्नेटो

मोटारींच्या रांगेपलीकडे छोट्या इंजिनांची रांग असते आणि तिथेही हीच कथा. ग्लॉस्टरशायरमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कारखान्याचं डी इंजिन, १९२६ सालापासून बनलेलं, दीड हॉर्सपॉवरचं, या रांगेत हमखास दिसतं. लिस्टरचं नाव सातारा-सांगलीकडच्या जुन्या बागायतदारांना कूपर आणि किर्लोस्करच्या जोडीने ठाऊक असेल, पण ती विहिरीवरची इंजिनं डिझेलची, त्यांना ठिणगीची भानगड नाही. डी पेट्रोलचं आहे, मॅग्नेटोवर चालतं. तासभर फटफट करतं, मग मरतं, आणि हँडल मारून मारून खांदा निखळला तरी येत नाही. दुपारच्या जेवणानंतर पहिल्या फटक्यात येतं.

इथे निदान सोपं आहे, कारण बहुतेकदा मॅग्नेटोच असतो. आतल्या वेटोळ्यांवर लाखेचं इन्सुलेशन असतं, उष्णतेने ते मऊ पडून आतल्या आत करंट गळतो. कंडेन्सरही जुना असतो आणि फिरत्या आर्मेचरच्या प्रकारात तो आर्मेचरच्या पोटात बसवलेला असल्याने मोटारीसारखा बाहेरून बदलता येत नाही. जाड वायरचं टोक इंजिनपासून पाच-सहा मिलिमीटरवर बांधून ठेवा आणि फ्लायव्हील हाताने फिरवा. थंडपणी कडकडीत ठिणगी उडी मारते. मेल्याबरोबर तीच चाचणी करा. आता ती दोन मिलिमीटरलाच दम टाकत असेल तर उत्तर मिळालं. घरी मॅग्नेटो काढून केस वाळवायच्या ड्रायरने तापवून हीच चाचणी पुन्हा करता येते, फेअरची वाट बघायला नको.

आर्मेचर स्वतः ओढून काढू नका. जुन्या पोलादी चुंबकाच्या दोन टोकांवर लोखंडी पट्टी न ठेवता आर्मेचर काढलं की चुंबकाचा जोर उतरतो, आणि मग कंडेन्सर बदलूनही ठिणगी आधीपेक्षा क्षीण. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांना मॅग्नेटोचा दोष देण्याआधी एक बघा: आपल्याकडचे पेट्रोलवर सुरू करून घासलेटवर सोडायचे पंप चालवलेल्यांना माहीत आहे की इंजिन पुरेसं गरम न होता नळ फिरवला तर ते धूर टाकून मरतं. फर्ग्युसनच्या टीव्हीओवर (ट्रॅक्टरसाठीचं रॉकेलसारखं इंधन) चालणाऱ्या टीईडी२० ट्रॅक्टरचंही तेच. रिंगणात मंद वेगाने चालवताना तो थंड पडतो आणि प्लग काळे होतात, तेव्हा फेरीपुरता पेट्रोलवर ठेवा.

दुरुस्तीचा क्रम मी असा ठेवतो: एका वेळी एकच भाग बदलायचा आणि मग मोकळ्या अंगणात, बॉनेट बंद ठेवून, पाऊण तास मंद वेगात चालू ठेवायची. गॅरेजात नाही, धुराने माणूस मरतो. तिथे मेली नाही तर रिंगणातही सहसा मरत नाही. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग एकाच रविवारी बदलून गाडी बरी झाली तर कशाने बरी झाली ते कळत नाही, आणि काढलेल्या भागांतले तीन चांगले भाग कचऱ्यात जातात.

मॅग्नेटो रिवाइंडिंगला द्यायचा असेल तर नोव्हेंबरात द्या. एप्रिलमध्ये सगळ्यांनाच घाई असते आणि मोसम निघून जातो. देताना आधुनिक रेझिनचं इन्सुलेशन आणि नवा कंडेन्सर दोन्ही मागा, चुंबक पुन्हा भारून घ्या, आणि परत आल्यावर इंजिनवर चढवण्याआधी ड्रायरखाली गरम करून ठिणगी एकदा मोजा.